लोखंड, ठुमरी आणि एका घरचे कागद: प्रमथनाथ बोस यांच्या घराण्याचं प्रकरण

खाणीच्या कामातला माणूस आणि गाण्या-नाचातली माणसं एकाच घरात असली तर त्यांच्या कागदांचं पुढे काय होतं, हे बघायचं असेल तर प्रमथनाथ बोस यांचं घराणं घ्यावं. मी हे प्रकरण मुद्दाम निवडलंय कारण आपल्याकडे जुने कागद जपायचे म्हटलं की सगळे आधी सरकारी शिक्क्याचे कागद, नकाशे, मोठ्या माणसांची पत्रं उचलतात, आणि गाण्याच्या वह्या, नाटकाच्या संहिता, तबकड्या "नंतर बघू" म्हणून पेटीत राहतात. माझं म्हणणं सरळ आहे, अशा घरात क्रम उलटा पाहिजे, गाण्या-नाचाचं आधी आणि खाणीचं नंतर. का ते या एका घराण्यावरून दाखवतो.

आधी माणसं कोण ते सांगतो. प्रमथनाथांचा जन्म १८५५ चा, बंगालमधल्या गैपूरचा. शिष्यवृत्तीवर लंडनला गेले, तिथे रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकले आणि १८८० ला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात लागले. त्या खात्यात वरच्या श्रेणीत भारतीय माणूस म्हणजे तेव्हा नवलच होतं. नर्मदेच्या खोऱ्यापासून आसामपर्यंत फिरले, कोळसा बघितला, अभ्रक बघितलं, तेल बघितलं, आणि १८८७ मध्ये तेव्हाच्या रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोखंडाच्या धंद्यावर एक टिपण लिहिलं जे खात्याच्या नियतकालिकात छापून आलं. हा भाग म्हणजे दल्ली-राजहराचा डोंगर, आता छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात येतो आणि भिलाईच्या कारखान्याला आजही तिथलं खनिज जातं.

आता इथे आपल्या नागपूरचा संबंध येतो. जमशेटजी टाटांना पोलादाचा कारखाना काढायचा होता, आधी त्यांची नजर चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावर होती, ते काही जमेना. त्यांचा मुलगा दोराबजी टाटा नागपूरला सरकारी अधिकाऱ्याला भेटायला गेले, साहेब जागेवर नव्हते, मग वेळ काढायला म्हणून समोरच्या म्युझियममध्ये शिरले, म्हणजे आपला अजब बंगला, आणि तिथे मध्य प्रांताचा एक भूवैज्ञानिक नकाशा लावलेला होता ज्यात लोखंडाचा भाग गडद रंगात दाखवला होता. तो रंग ज्या पाहणीवरून भरला होता ती प्रमथनाथांची. तिथून दोराबजी आणि त्यांचे अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड थेट त्या डोंगरावर गेले, खनिज उत्तम निघालं पण जवळ चांगला कोळसा आणि पाणी यांचं गणित काही बसलं नाही.

हा प्रसंग टाटांच्या इतिहासात सगळीकडे सांगितला जातो पण मला त्यात वेगळंच दिसतं. एका माणसानं पाहणी केली, ती छापली गेली, छापलेल्यावरून नकाशा झाला, नकाशा सार्वजनिक ठिकाणी टांगला गेला, आणि सोळा-एक वर्षांनी भलताच माणूस तो वाचून गेला. म्हणजे मूळ टिपण आणि तो वाचणारा यांच्यात कमीत कमी तीन प्रती होत्या. मूळ वही हरवली असती तरी काम अडलं नसतं. ही प्रतींची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०३ ला प्रमथनाथांना डावलून त्यांच्यापेक्षा ज्युनियर असलेल्या टॉमस हॉलंड यांना खात्याचं संचालकपद मिळालं, प्रमथनाथांनी नोकरी सोडली आणि मयूरभंज संस्थानात भूवैज्ञानिक म्हणून गेले. तिथे गोरुमहिसानीच्या डोंगरात त्यांना लोखंडाचा प्रचंड साठा दिसला. २४ फेब्रुवारी १९०४ ला त्यांनी जमशेटजींना पत्र लिहिलं, मयूरभंजचं खनिज आणि झरियाचा कोळसा हे दोन्ही कसे एकमेकांच्या आवाक्यात आहेत ते सांगितलं. जमशेटजी त्याच वर्षी १९ मे ला जर्मनीत बाड नाउहाइमला वारले. म्हणजे पत्र तीन महिने उशिरा आलं असतं तर ते ज्यांच्या नावानं लिहिलं त्यांनी वाचलंच नसतं. मुलांनी काम पुढे नेलं, २६ ऑगस्ट १९०७ ला कंपनी नोंदली गेली आणि १६ फेब्रुवारी १९१२ ला पहिलं पोलाद ओतलं गेलं. त्या एका पत्राची तारीख आज शाळेतल्या मुलांच्या प्रश्नमंजुषेतसुद्धा असते.

आता घरातली दुसरी बाजू. प्रमथनाथांच्या पत्नी कमला या रमेशचंद्र दत्त यांच्या कन्या. रमेशचंद्र म्हणजे आयसीएस अधिकारी, भारताच्या आर्थिक इतिहासावर लिहिणारे, दुष्काळावर लॉर्ड कर्झनला उघड पत्रं लिहिणारे, आणि आपल्याला जवळचं सांगायचं तर सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात महसूलमंत्री आणि मग दिवाण, तिथेच १९०९ ला गेले. प्रमथनाथ-कमला यांची मुलगी सुषमा सेन, पहिल्या लोकसभेत बिहारमधून निवडून आल्या, म्हातारपणी इंग्रजीत आठवणी लिहिल्या. मुलगा मधू बोस, जन्म १९००, नाटक आणि सिनेमावाला, कलकत्ता आर्ट प्लेयर्स ही मंडळी उभी केली. १९३७ चा बंगाली "अलीबाबा" त्यांचाच, त्यात अब्दल्ला स्वतः आणि मर्जिना म्हणजे त्यांच्या पत्नी साधना बोस. १९४१ ला वाडिया मूव्हीटोनसाठी मुंबईत "राजनर्तकी" केला, तो हिंदी, बंगाली आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत निघाला, संगीत तिमिरबरन यांचं. साधना बोस नाचायच्या, गायच्या, अभिनय करायच्या, ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेन यांच्या नात. त्यांची सख्खी बहीण नीलिना, कपूरथळ्याच्या राजघराण्यात दिलेली, १९४९ ला विधवा झाली आणि मग नैना देवी या नावानं ठुमरी गाऊ लागली. ठुमरी म्हणजे तवायफांचं गाणं असं मानणाऱ्या त्या काळात राजघराण्यातल्या बाईनं मैफिलीत बसून ठुमरी गाणं ही लहान गोष्ट नव्हती. १९७४ ला पद्मश्री मिळाली, १९९३ ला गेल्या.

तर हे एक घर. सासरे लोखंड शोधणारे, मुलगा नाटक-सिनेमावाला, सून नर्तकी, सुनेची बहीण ठुमरीवाली, सासऱ्यांचे सासरे अर्थशास्त्र लिहिणारे. अशा घराचे कागद जपायचे तर कुठून सुरुवात करायची हा खरा प्रश्न.

खाणीची बाजू मी आधी घेतो कारण ती सोपी आहे. प्रमथनाथांचं जे महत्त्वाचं लेखन आहे ते सरकारी खात्यानं छापलं, त्याचे खंड देशभर आणि देशाबाहेर ग्रंथालयांत गेले. टाटांना लिहिलेलं पत्र ज्या कंपनीला मिळालं तिला ते आपल्या जन्माचा दाखला वाटतं, म्हणून ती ते जपणारच. टाटांनी तर १९९१ ला आपलं मध्यवर्ती अभिलेखागारच काढलं, ते आता पुण्यात आहे, जमशेदपूरला पोलाद कंपनीचं वेगळं आहे. बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूट, जिचे प्रमथनाथ १९०६ मध्ये पहिले मानद प्राचार्य होते, ती वाढत वाढत जादवपूर विद्यापीठ झाली. म्हणजे त्यांच्या आयुष्याच्या प्रत्येक मोठ्या टप्प्यावर एक संस्था उभी आहे जिला त्यांच्या कागदात स्वतःचा फायदा किंवा अभिमान दिसतो. खाणीच्या कागदाला नेहमीच असा वाली मिळतो, कारण जमिनीखाली काय आहे हे पुढच्या पिढीलाही पैशासाठी आणि जिवासाठी लागतं.

जिवासाठी म्हणतोय ते उगाच नाही. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या, पाण्यानं भरलेल्या कामाचं पाणी खाली घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. जुनं काम नेमकं कुठपर्यंत आहे हे माहीत असणं म्हणजे काय ते यावरून कळतं. आणि घरातल्या कागदांच्या बाबतीत तर अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियाचं उदाहरण अंगावर काटा आणतं. जुलै २००२ मध्ये क्वेक्रीक खाणीत नऊ कामगार शेजारच्या बंद पडलेल्या खाणीचं पाणी फुटून अडकले, तीन दिवसांहून जास्त वेळ जमिनीखाली होते, सगळे जिवंत निघाले हे नशीब. त्यांच्याकडे जो जुना नकाशा होता त्यात बंद खाणीचं शेवटचं काम दाखवलेलंच नव्हतं. शेवटचा नकाशा नंतर सापडला, एका दिवंगत खाण निरीक्षकाच्या घरच्यांनी स्थानिक म्युझियमला दिलेल्या कागदांत. दिला होता, फक्त कोणी उघडून नोंदवला नव्हता. त्यामुळे तुमच्या घरात आजोबा-पणजोबा खाणीत सर्व्हेअर, ओव्हरमन, मॅनेजर असतील आणि कापडावरचे नकाशे गुंडाळून ठेवलेले असतील तर ते संगीताच्या आधी नाही तरी लगेच मागून बघा, आणि ज्या खाणीचे आहेत तिचं नाव, सीमचं म्हणजे कोळशाच्या थराचं नाव आणि शेवटची तारीख एवढं तरी खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवा. दान नंतर करा, कळवा आधी.

पण हे सोडलं तर खाणीचा कागद तसा दणकट असतो. ट्रेसिंगच्या कापडावरचा नकाशा पाण्यापासून सांभाळला की शंभर वर्षं सहज काढतो. ब्ल्यूप्रिंट असेल, म्हणजे निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा, तर एक गोष्ट लक्षात ठेवायची की तिला प्रकाश सोसत नाही आणि अल्कली सोसत नाही, म्हणून जो "आम्लमुक्त बफर्ड", म्हणजे अल्कली मिसळलेला, कागद बाकी सगळ्यासाठी चांगला म्हणून विकतात तो ब्ल्यूप्रिंटला लावायचा नाही, साधा बफर नसलेला लावायचा. हातानं रंगवलेला भूवैज्ञानिक नकाशा भिंतीवर फ्रेम करून लावू नका, कितीही मोह झाला तरी, कारण त्या नकाशात रंग हीच माहिती असते, रंग उडाला की लोखंड आणि चुनखडी सारखीच दिसायला लागते. पत्रांच्या नकलांची जुनी बुकं, ओल्या पातळ कागदावर दाबून उतरवलेली, त्यांची शाई पाण्याच्या थेंबानं पसरते, ती ओल्या फडक्यानं पुसायची नाहीत. सेलोटेप कुठेच नको. फाटलं असेल तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, कारण ती उद्या पाण्यानं सोडवता येते. बास, खाणीच्या बाजूला एवढ्यावर निभतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती बाजू.

साधना बोस यांच्या नाचाची प्रत कोण काढणार होतं? सरकारी खातं नाही, कंपनी नाही. नाच एकदा झाला की संपला. मागे काय उरतं ते बघा: फिल्म उरते, तबकडी उरते, कार्यक्रमाची छापील पत्रिका, वृत्तपत्रातलं कात्रण, फोटो, नाटकाची तालमीतली संहिता जिच्या समासात पेन्सिलीनं हालचाली लिहिलेल्या असतात, वादकांसाठी केलेली स्वरलिपी, कपड्यांची बिलं, आणि स्वतः लिहिलेल्या आठवणी. यातला जवळजवळ प्रत्येक प्रकार कागदापेक्षा लवकर मरतो किंवा कचरा समजून टाकला जातो. मधू आणि साधना दोघांनीही बंगालीत आत्मचरित्रं लिहिली म्हणून आज आपण इतकं तरी बोलू शकतो, आणि सिनेमे होते म्हणून तो नाच थोडातरी डोळ्यांना दिसतो. रंगमंचावरचं जे होतं ते बहुतेक शब्दांतच राहिलं.

फिल्मचं घ्या. १९५० च्या आसपासपर्यंत सिनेमा नायट्रेट फिल्मवर निघायचा. नायट्रेट म्हणजे ज्वालाग्राही पदार्थच, एकदा पेटली की पाण्यातही जळत राहते कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या पोटातच असतो. आणि पेटली नाही तरी आपोआप सडते, आधी चित्र फिकट होतं, मग चिकट होते, मग मधासारखा फेस येतो आणि शेवटी तपकिरी भुकटी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या भारतीय सिनेमाचं केवढं नुकसान झालं हे मराठी माणसाला सांगायला नको, प्रभातची आठवण निघाली की तो विषय निघतोच. त्यामुळे नाटक-सिनेमावाल्या घरात गोल पत्र्याचा डबा सापडला तर तो कागदांच्या पेटीत ठेवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, घरी प्रोजेक्टरवर चालवून बघायचा नाही. फिल्मच्या कडेला तिचा प्रकार छापलेला असतो तो वाचा, व्हिनेगरसारखा वास आला तर ती दुसऱ्या जातीची, म्हणजे अ‍ॅसिटेट आहे, तीही मरतेय पण निदान पेटणार नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे, अशी वस्तू तिथे विचारूनच हलवावी. जुन्या फोटोंच्या निगेटिव्हसुद्धा नायट्रेटच्या असतात, हे लोकांना माहीत नसतं आणि त्या अल्बममध्ये पन्नास वर्षं फोटोंना चिकटून बसलेल्या असतात.

तबकड्यांचं वेगळं. आपल्याकडे १९०२ पासून रेकॉर्डिंग होतंय, गौहरजान वगैरे, आणि ७८ च्या त्या काळ्या तबकड्या लाखेच्या. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि घरोघरी लोक काय करतात तर स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं पुसतात, संपलं गाणं. शुद्ध पाण्याचा हलका हात, मधलं लेबल कोरडं ठेवायचं, आणि उभ्या ठेवायच्या, एकमेकींवर थप्पी लावायची नाही. आजच्या एलपीच्या सुईनं वाजवायची नाही, ७८ ची खाच रुंद असते, तिला तिची सुई लागते. त्याहून नाजूक म्हणजे स्टुडिओत किंवा घरी एकाच प्रतीत कापलेल्या लॅकर डिस्क, वर पांढरी तेलकट पावडर यायला लागली की समजायचं वरचा थर आतल्या धातूवरून सुटायला लागलाय. त्यांना दुसरी प्रत नसतेच. आख्ख्या संग्रहात सगळ्यात आधी ज्याची नक्कल काढायची अशी एकच गोष्ट सांगा म्हटलं तर मी लॅकर डिस्क सांगेन, जमशेटजींना लिहिलेलं ते पत्र समोर असलं तरी. पत्राची छायाचित्रं शेकडो ठिकाणी आहेत.

नैना देवींची पिढी टेपची. रेडिओ, मैफिली, घरातल्या बैठका, सगळं स्पूलवर आणि मग कॅसेटवर. टेपचा त्रास असा की टेप एक वेळ टिकते, ती वाजवणारं मशीन टिकत नाही, आणि ते दुरुस्त करणारा माणूस तर त्याच्याही आधी जातो. म्हणून टेपच्या बाबतीत "चांगली संस्था मिळेपर्यंत थांबू" हे चालत नाही. चांगल्या मशीनवर एकदाच, नीट, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर उतरवून घ्यायची, आवाज "स्वच्छ" करायच्या भानगडीत पडायचं नाही, तानपुरा जुळवणं, मध्ये कोणी "वाह" म्हटलेलं, चहाचे कप, सगळं राहू द्यायचं. ठुमरी बैठकीतली गोष्ट आहे, बैठक कापून टाकली तर उरतं ते अर्धंच.

आणि एक वस्तू जी सगळे टाकून देतात: सिनेमाची पुस्तिका. थिएटरबाहेर विकायचे ती पातळ, चार-आठ पानी, कथासार आणि गाण्यांचे शब्द असलेली. फिल्म गेली, तबकडी निघालीच नव्हती, अशा कितीतरी गाण्यांचे शब्द फक्त त्या पुस्तिकेत आहेत. कागद एकदम हलका, आम्लधर्मी, घडीवर तुटतो. तिला पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, दोन्ही बाजू स्कॅन करून, मागच्या जाहिरातीसकट. जाहिरातीवरून थिएटर आणि साल कळतं म्हणून सांगतो.

स्वरलिपीबद्दल मराठी वाचकाला एक सांगायलाच हवं. आपल्याकडे भातखंडे किंवा पलुस्कर पद्धत, बंगालमध्ये आकारमात्रिक, ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांची, आणि तिमिरबरन यांच्यासारखे लोक वाद्यवृंद घेऊन काम करायचे तिथे पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनसुद्धा येतं. एकाच पेटीत तिन्ही असू शकतात. सूचीत नुसतं "गाण्यांची वही" लिहिलं तर ती वही कुणालाच सापडणार नाही. पद्धत कुठली, राग-ताल लिहिलाय का, अक्षर कुणाचं, एवढं लिहा.

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. असे कागद बाहेर पडले की विषयवार वाटले जातात: भूगर्भाचं भूगर्भवाल्यांना, सिनेमाचं सिनेमावाल्यांना, गाण्याचं गाण्याला. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण बघा काय हरवतं. रमेशचंद्र दत्त १९०० च्या सुमारास दुष्काळावर लिहीत होते, शेतसारा किती, उपासमार कशानं, सगळं आकड्यांत. त्यांच्याच नातवाची बायको, साधना, १९४० च्या दशकात, बंगालचा भयंकर दुष्काळ होऊन गेला त्या काळात, "भूख" नावाचं नृत्यनाट्य रंगमंचावर आणते, आजचा विषय नाचात आणायचा तो धाडसी प्रयोग होता. आणि मध्ये प्रमथनाथ, जे आयुष्यभर म्हणत राहिले की देशी कारखानदारी आणि तांत्रिक शिक्षण आल्याशिवाय इथलं दारिद्र्य जात नाही. एकाच घराच्या तीन पिढ्यांनी भुकेला दिलेली तीन उत्तरं आहेत ही: आकडे, लोखंड आणि नाच. अर्थशास्त्राच्या कपाटात एक, उद्योगाच्या कपाटात दुसरं आणि नृत्याच्या फोल्डरमध्ये तिसरं गेलं की हा धागा कुणाला दिसणार? कोणी म्हणेल हा योगायोग असेल. असेल, पण तो तपासायला तरी कागद शेजारी शेजारी हवेत ना.

अभिलेखवाले म्हणतात की कागद ज्याच्याकडून आले त्याच्या नावानंच एकत्र ठेवा आणि ज्या क्रमानं होते त्या क्रमानं ठेवा. घरच्या माणसाला हा नियम जाचक वाटतो कारण हात लावला की पहिली इच्छा तारखेप्रमाणे लावायची होते. पण सुनेच्या कार्यक्रमाची पत्रिका सासऱ्यांच्या पत्रांच्या गठ्ठ्यात निघाली तर तेवढ्यानं घरातला कोण कुणाचं काय जपत होतं ते कळतं. गठ्ठा सोडायच्या आधी फोटो काढा, मग सोडा.

या घराण्याच्या बाबतीत मात्र वस्तू आधीच पसरलेल्या आहेत, आणि त्या परत एका छताखाली आणायचा हट्ट चुकीचा ठरेल. टाटांकडचं पत्र तिथेच बरं आहे, बडोद्याच्या नोकरीतले कागद बडोद्याच्या दप्तराचाच भाग, सिनेमा पुण्यात. मार्ग असा दिसतो की वस्तू जिथे आहेत तिथे राहू द्यायच्या आणि घराण्याची एकच सामायिक सूची करायची, प्रत्येक नोंदीत वस्तू कुठे आहे आणि घरातल्या कुणाशी संबंधित आहे ते. जे अजून घराघरांत आहे त्यासाठी मला जादवपूर विद्यापीठ सगळ्यात योग्य वाटतं. तिथे स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स आहे, हिंदुस्तानी संगीताच्या ध्वनिमुद्रणांचं मोठं काम त्यांनी केलंय, आणि ते विद्यापीठ ज्या संस्थेतून उगवलं तिचे पहिले प्राचार्य प्रमथनाथच. भूवैज्ञानिकाचे कागद आणि नर्तकीचे कागद एकाच आवारात शोभतील अशी दुसरी जागा मला सुचत नाही. निव्वळ संगीताचं काही असेल तर दिल्लीची संगीत नाटक अकादमी आहे, गुरुग्रामचं एआरसीई हे संगीताचं अभिलेखागार आहे.

सूची करताना नावांनी घोळ होतो. बोस आणि बसू एकच, साधना बंगाली उच्चारानं शाधोना, रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हेनं लिहिलेलं, गोरुमहिसानी आणि गुरुमहिसानी, नैना देवी आणि नीलिना सेन आणि राणी नीलिना रिपजित सिंग एकच बाई. सुरुवातीलाच प्रत्येक माणसाचं एक ठरलेलं नाव आणि खाली बाकी सगळी रूपं अशी यादी करायची, मगच पुढे जायचं.

हक्कांचं पण बघून घ्या, लोक घाबरून काहीच टाकत नाहीत किंवा बेधडक सगळं टाकतात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. प्रमथनाथ १९३४ ला गेले, त्यांचं हयातीत छापलेलं केव्हाच मुक्त आहे. मधू बोस १९६९ ला गेले म्हणजे त्यांचं लेखन २०२९ च्या शेवटापर्यंत वारसांचं, साधना बोस १९७३, त्यांचं २०३३ पर्यंत. सिनेमाची मुदत प्रदर्शनापासून मोजतात, त्यामुळे १९३७ आणि १९४१ चे सिनेमे आता कुणाच्या मालकीचे नाहीत. न छापलेल्या पत्रांचा आणि डायऱ्यांचा हिशेब वेगळा, लेखक गेल्यावर ती पहिल्यांदा छापली तर साठ वर्षं तिथून मोजतात, म्हणून दानपत्रात वस्तूची मालकी आणि लेखनाचे हक्क हे दोन वेगळे मुद्दे म्हणून लिहून घ्यावेत. तोंडी "घेऊन जा" म्हणून दिलेल्या पेट्यांवरून पुढच्या पिढीत भांडणं होतात.

साधना बोस यांची शेवटची वर्षं ओढाताणीत गेली असं सगळे सांगतात. कलाकाराच्या घरी ओढाताण आली की आधी मोठं घर जातं, मग घर बदलताना पेट्या जातात. भूवैज्ञानिकाचं पेन्शन असतं, छापील खंड ग्रंथालयात असतात. हा फरक डोक्यात ठेवून कामाचा क्रम लावायचा: आधी लॅकर डिस्क आणि टेप, मग नायट्रेट वेगळं काढणं, त्यानंतर जे लोक अजून हयात आहेत आणि फोटोतले चेहरे ओळखतात त्यांच्यासमोर अल्बम ठेवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करणं, मग पुस्तिका आणि संहिता, मग पत्रं, आणि नकाशे शेवटी, बंद खाणीचा नकाशा निघाला तर तेवढा सोडून. फोटोमागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं, आणि ती कुणी सांगितली त्याचं नावसुद्धा शेजारी.